मुलगी सिस्टर व्हायचे म्हणते तेव्हा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांतून गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेला कोयता कारखान्यावर जातो आणि लेकरे आजीजवळ, नाही तर एखाद्या वसतिगृहात राहतात. अशाच दिवसांत कुणाला शाळेत, कुणाला दवाखान्यात, कुणाला वसतिगृहात ख्रिस्ती सिस्टर भेटतात. बहुतेक मुली शिकतात आणि आपल्या मार्गाला लागतात. पण समजा, आपल्या बौद्ध घरातली एखादी शिकलेली मुलगी एके दिवशी म्हणाली, “माय, मला लग्न करायचं नाही. मला सिस्टर व्हायचंय.” तर?

आई रडेल. बाप म्हणेल, “बाबासाहेबांनी दिलेला धम्म सोडतेस?” मामा विचारील, “कुणी फूस लावली?” हे तिन्ही प्रश्न मायेपोटीच येतात. परंतु उत्तर ऐकण्याआधी घराचे दार लावून घेऊ नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

प्रथम ती काय म्हणते ते समजून घेऊ. सिस्टर म्हणजे कॅथलिक पंथातील व्रतस्थ स्त्री. ती गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेते आणि संस्थेच्या इतर भगिनींबरोबर राहते. कॅथलिक लोक या ओढीला ‘पाचारण’ म्हणतात, म्हणजे देवाने बोलावणे. आपण देव मानत नाही, त्यामुळे हा शब्द आपल्याला पटणार नाही. तो पटवून घेण्याची गरजही नाही. मुलीनेही तो शब्द पुढे करून चर्चा बंद करू नये. “हे कधीपासून वाटते, का वाटते, लग्न टाळण्यासाठी की घरची गरिबी चुकवण्यासाठी?” हे आईबापांनी विचारावे आणि तिने साध्या बोलीत सांगावे.

हा मार्ग एका रात्रीचा नाही. ती आधी बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झालेली असली पाहिजे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उमेदवारी सुरू होत नाही. ती किमान बारा महिन्यांची असते. पुढे निदान तीन वर्षे तात्पुरती व्रते आणि एकवीस पूर्ण झाल्यावरच कायमची व्रते. जबरदस्तीने, भीती घालून किंवा फसवून कुणाला घेतले, तर तो प्रवेशच रद्द ठरतो. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की ती परत येऊ शकते. म्हणून तिला “गेलीस तर मेलीस” असे म्हणणे शहाणपणाचे नाही. परतायची वेळ आली तर ती कुठे येणार?

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलून घ्याव्यात. सिस्टरने नोकरी केली तरी पगार तिच्या हाती राहत नाही, तो संस्थेकडे जातो. ज्या घराने ऊस तोडून लेकीला शिकवले, त्या घराने “आमच्या म्हातारपणाचे काय?” असे विचारले, तर तो लोभ नव्हे. हा प्रश्न संस्थेलाही समोरासमोर विचारावा. दुसरी गोष्ट कायद्याची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना त्या मिळत नाहीत. दलित ख्रिश्चनांची ती मागणी जुनीच आहे. हे मुलीला आधीच ठाऊक असावे.

आता आपल्या धम्माकडे पाहू. विनयपिटकात कथा आहे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाला अतिशय दुःख झाले. त्याने ते तथागतांना बोलून दाखवले, तेव्हा आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आईबापांचे दुःख तथागतांनी क्षुल्लक मानले नाही.

बाबासाहेबांनी तर आणखी मोलाचे दाखवले आहे. मध्यरात्री झोपलेल्या बायकोला सोडून सिद्धार्थ गुपचूप निघून गेला, ही कथा त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. त्यांचा सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्यावरून होणारे युद्ध नको म्हणून परिव्रजा पत्करतो आणि शुद्धोदन, महाप्रजापती व यशोधरेला सांगून, त्यांचे ऐकून घेऊन निघतो. यशोधरा त्याला अडवत नाही.

याउलट उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडले आणि १९०२ साली श्रीलंकेत श्रामणेर झाले. मागे हिंदू घरात पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. पुढे ते परतले, पुन्हा संसार केला, पाली शिकवली. मराठी वाचकांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. तरीही मागे राहिलेल्या त्या माउलीची वर्षे कोण मोजणार?

कॅथलिक सेवाव्रताला बाबासाहेब तुच्छ लेखत नव्हते. १९५० साली कलकत्त्याच्या ‘महाबोधी’ मासिकातील लेखात त्यांनी भिक्खू संघाच्या निष्क्रियतेवर टीका केली. ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, शिक्षण आणि रुग्णसेवेचा धडा घ्यावा असे सुचवले. तेव्हा मुलगी सेवेची ओढ सांगते तर आपणही विचारावे, “बाई, ही सेवा आपल्या विहारात, आपल्या वस्तीत का करता येत नाही?” आणि या प्रश्नाने थोडे आपणही शरमावे. आपल्या किती विहारांत अभ्यासिका आहे? किती ठिकाणी आजाऱ्याजवळ बसायला कुणी जाते?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव काढले, तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, “वाडवडिलांचा धर्म सोडता?” आजोबांनी समजावून सांगितले. कुणाला पटले, कुणाला नाही. पण त्यांच्या पाठीशी सारा समाज होता. ही मुलगी मात्र एकटी उभी असते. सद्सद्विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य घटनेच्या पंचविसाव्या कलमाने तिलाही दिले आहे.

तिचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटू शकतो. तसे तिला प्रेमाने, स्पष्टपणे सांगावे. तिनेही सणासुदीला, दुखण्याखुपण्याला घरी येण्याची वाट मोडू नये. त्रिशरण आपण घ्यावे, तिची प्रार्थना तिने करावी. भाकर मात्र एकाच टोपल्यातली खावी.