बिस्किटांचा पुडा आणि दंडाचे माप

एप्रिल उजाडला की आपल्या वस्तीत दात्यांची वर्दळ वाढते. कुणी वह्या वाटते, कुणी बिस्किटांचे पुडे. सोबत बॅनर आणि फोटो. देणाऱ्याच्या हेतूवर आम्हाला शंका घ्यायची नाही. पण आरोग्याच्या पानावर विचारायला हवे, की त्या पुड्याने आपल्या लेकराचे वजन वाढते का? मैदा, साखर आणि तेलाने भूक तेवढी मरते. मग तेच मूल संध्याकाळी वरणभाताकडे पाहत नाही, अंडे नको म्हणते.

चांगली संस्था वाटण्याआधी मोजते. सायन रुग्णालयात 1989 साली मातांच्या दुधाची पेढी सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. धारावीत तिचे कार्यकर्ते घरोघरी जातात, मुलांची वजने-मापे घेतात, कुपोषित मूल सापडले की त्याला अंगणवाडीशी आणि दवाखान्याशी जोडून देतात. या कामाचा फोटो काही फार देखणा निघत नाही. मूल बहुतेक रडतच असते.

हे माप घरीही घेता येते. मूल सहा महिने ते पाच वर्षांचे असावे. त्याचा डावा हात सैल सोडा आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप गुंडाळा. आवळू नका, ढिलीही ठेवू नका. दंड 12.5 सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर या मापाने ठीक. 11.5 ते 12.5 च्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषण. 11.5 पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर माप कितीही येवो, दवाखाना गाठायचाच. अशी सूज पाहून घरच्यांना मूल अंगाने भरले असे वाटते, तिथेच घात होतो.

तीव्र कुपोषित मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरांना दाखवावे. सोबत ताप, जुलाब किंवा सूज असेल, मूल मलूल असेल, खातच नसेल, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात न्या आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चौकशी करा. दृष्ट काढण्यात, गंडा बांधण्यात दिवस घालवू नका. विहारात आपण 22 प्रतिज्ञा म्हणतो, त्या घरी मूल आजारी पडल्यावरही लागू आहेत.

आता दात्यांइतकीच महत्त्वाची दुसरी बाजू. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मिळणारा आहार ही कुणाची मेहेरबानी नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क आहे. त्याआधीच, 13 डिसेंबर 2006 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता: ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. झोपडपट्टीचा उल्लेख त्या आदेशात स्पष्ट आहे. संस्था कितीही चांगली असो, तिचा निधी आटला की ती जाते. अंगणवाडी तशी उठून जात नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी वाटपाला आले, तर मंडळाने आणि महिला बचत गटाने त्यांना विनंती करावी: पुड्यांऐवजी वजनकाटा द्या, दंड मोजायच्या पट्ट्या द्या, महिन्यातून एक दिवस माणूस द्या. विहाराची जागा आपण देऊ. जिथे अंगणवाडी नाही, तिथे याच मोजणीत मुलांची नावे, वये आणि पालकांच्या सह्या घ्या. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या, आदेशाची तारीख त्यात लिहा आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परतू नका. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.