दोन स्प्रिंगांचा कारभार

सुरतेजवळच्या कडोदऱ्यात यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कारागिराला स्प्रिंगेचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही; परंतु मुळात अमेरिकेत झाडे व गुरे रंगाने खुणावण्यासाठी निघालेल्या आणि १९८१ साली खेळात शिरलेल्या यांत्रिक पेंटबॉल मार्करमध्ये, म्हणजे वायूच्या दाबाने रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीत, दोन स्प्रिंगांचा कारभार परस्परविरोधी असल्यामुळे, उत्साही खेळाडूची हमखास फसगत होते. हातोडीमागची स्प्रिंग अधिक ताठ बसविली, की हातोडी वायूच्या झडपेवर जोराने आदळून ती अधिक काळ उघडी ठेवते, वायू अधिक सुटतो व गोळीचा वेग वाढतो. उलट खुद्द झडपेचीच स्प्रिंग ताठ केली, तर झडप सत्वर मिटून वेग घटतो. दोन्ही एकदम बदलण्याची हौस म्हणजे, माझ्या मते, निव्वळ द्रव्यनाश.

रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला, बल व लांबीतील बदल यांच्या समप्रमाणाचा नियम येथेही अंमल गाजवितो. सुमारे ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० फूट या प्रचलित कमाल वेगाने साडेबारा ज्यूल ऊर्जा बाळगते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने, १० टक्के वेगवाढीने ती २१ टक्के वाढते. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर वेगमापकावर खातरजमा केल्यावाचून आणि मुखवटा चढविल्यावाचून कोणीही मैदानात उतरू नये.