काठावरचं नाव : रेमंडचं सुटाचं कापड आणि त्याची जाहिरात

मंडळी, सुटाच्या कापडाची एक गंमत आधी ध्यानात घेऊ. घड्याळाच्या तबकडीवर कंपनीचं नाव कायम दिसतं. सुटाच्या कापडावर मात्र गिरणीचं नाव असतं ते ताक्याच्या काठावर, आणि टेलरमास्तर बेतताना नेमका तोच काठ कापून टाकतात, नाहीतर शिवणीत दडवतात. सूट अंगावर चढला की गिरणी बेनाम! मग गिऱ्हाइकानं पुढच्या वेळी नाव घेऊन कापड मागावं कसं? रेमंडची जाहिरात या अडचणीभोवतीच फिरत राहिली, असं आम्हाला वाटतं.

हे नाव आलं कुठून? 1925 मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ वाडियांची लोकरीची गिरणी निघाली. सुरुवातीचा माल म्हणजे जाडीभरडी ब्लँकेटं. पुढे गिरणी ई. डी. ससून कंपनीकडे गेली आणि तिथल्या रेमंड आडनावावरून तिचं नामकरण झालं. 1944 मध्ये कैलाशपत सिंघानियांनी ती घेतली, पण नाव बदललं नाही. स्वातंत्र्यानंतरही नाही. यात धंद्याचं गणित दिसतं: विलायती लोकरीची ऐट त्या नावात आयतीच होती.

1958 मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला कंपनीनं ‘किंग्ज कॉर्नर’ हे स्वतःचं दुकान काढलं. आता नाव काठावरून पाटीवर आलं. एरवी कापडवाल्याच्या फळीवर दहा गिरण्यांचे ताके शेजारी शेजारी पडलेले, आणि दुकानदार सांगेल ते चांगलं.

जाहिरातींत आधी भर होता तो नीटनेटका पोशाख कसा करावा, यावर. मग 1990 च्या दशकात ‘द कम्प्लीट मॅन’ आला. शूमानची ‘ट्रॉयमराय’ ही पियानोची हळुवार धून आणि पडद्यावर एक मायाळू पुरुष. कधी पिल्लांशी खेळणारा, कधी आपल्या शिक्षकांना मान देणारा. लोकर किती तलम, मीटरला भाव काय, याबद्दल चकार शब्द नाही. कापड ओळखू येत नाही ना, मग माणूसच ओळखीचा करा! लग्नात जावयाला सूटपीस देताना सासरेबुवा दुकानात नाव घेऊन मागू लागले, ते काही काठ वाचून नव्हे.

ठाण्याची ती गिरणी पुढे बंद झाली. तिथल्या जमिनीवर आता रेमंड रिअल्टीचे निवासी टॉवर उभे आहेत. पाटीवर नाव तेच, खाली विणकाम नाही.