डायोड बिचारा निर्दोष!

गणपती जवळ आले की शनिवार पेठेत घरोघरी देखाव्याची खटपट सुरू होते. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला लाल लेझर डायोड, तपकीर गल्लीतून आणलेले सुटे भाग, आणि रात्री झकास पेटलेला ठिपका सकाळी मलूल. (मिरवणुकीतले डोळे दिपवणारे बीम वेगळे, त्यांच्यावर पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये बंदीच घातली.) घरात निदान लगेच होतं: डायोड गेला! बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

पहिला संशय सेलवर घ्या. घरगुती ड्रायव्हरमध्ये हमखास एलएम-३१७ असतो. त्याला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट हवेत, करंट ठरवणाऱ्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट जातात, डायोड अडीच-तीन खातो. बेरीज सहाच्या आसपास. म्हणजे चार पेन्सिल सेल नवेकोरे आहेत तोवरच मजा. तेच उतरलेले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये महिनोन्‌महिने चालतात, म्हणून त्यांच्यावर कुणाचा आळ येत नाही.

खात्री करायची तर मल्टिमीटर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. ५ ओहमवर १.२५ व्होल्ट दिसले की २५० मिलिअँपिअर बिनबोभाट जातोय. कमी दिसले तर सेल, नाहीतर ड्राय सोल्डर. चालू सर्किटची वायर सोडवून मध्ये मीटर घालायचा उद्योग मात्र नको. जोडणी तुटून पुन्हा जुळताना जो झटका बसतो, त्यात धडधाकट डायोडही खरोखरच जातो.

सुरुवातीला लख्ख, मिनिटाभरात फिका, गार झाल्यावर पुन्हा लख्ख? मग उष्णता. तापलेल्या डायोडला लेझर म्हणून पेटायलाच जास्त करंट लागतो, त्यामुळे उजेडाच्या वाट्याला कमी उरतो. वर आणखी गंमत: तापमान एका अंशाने वाढलं की लाल डायोडची तरंगलांबी सुमारे ०.२ नॅनोमीटरने वाढते, आणि ६५० च्या पुढे आपल्या डोळ्याला लाल झपाट्याने कमी दिसतो. थोडक्यात, थोडा अंधार आपल्याच डोळ्यात असतो! तेवढ्याच ताकदीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका लालच्या आठेक पट उजळ दिसतो.

दिसण्यावर जाऊ नये म्हणतात ते इथे अगदी खरं. बारामतीत जन्मलेले, नदीपलीकडच्या सीओईपीतून १९५८ साली इंजिनीअर झालेले सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. पोलाद कापणारा हा किरण डोळ्यांना मुळीच दिसत नाही.

ठिपका पसरट झाला असेल तर लेन्स पुसा. करंट पुरेसा, लेन्स स्वच्छ, तरी साध्या एलईडीसारखा मिणमिणता, फोकस न होणारा लाल उजेड? हां, आता मात्र डायोड गेला. मारेकरी बहुधा दोनच: प्रीसेट फिरवून वाढवलेला करंट, किंवा थंडीत स्वेटर काढल्यावर अंगावर साठलेली स्थिर वीज. ३,००० व्होल्टच्या आतला झटका आपल्याला जाणवतही नाही. डायोडला त्याहून कितीतरी कमी पुरतो.

आणि नवा डायोड काढताना जपून. डीव्हीडी रायटरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोडही असतो. चुकून तो जोडलात तर जेमतेम काळपट लाल ठिपका दिसेल, पण तो मंद नसतो, पूर्ण ताकदीने चालू असतो. अशा वेळी ‘वाकून बघू का जरा’ म्हणणाऱ्याला आधी टेबलापासून लांब करा.