यकृतातली पानगळ

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी कर्जत लाइनीवर दुसरा विषय नव्हता. मग पाणी ओसरलं, घराघरांतून चिखल उपसला गेला, गाद्या वाळत पडल्या, आणि पूर संपला असं सगळ्यांनी मानलं.

आता एक हिशेब करू. समजा, त्या दिवशी कुणाच्या पोटात गढूळ पाण्याच्या घोटाबरोबर हेपटायटिस ई हा काविळीचा विषाणू गेला. हा पाहुणा आल्या आल्या गोंधळ घालत नाही. दोन ते दहा आठवडे, सरासरी चाळीसेक दिवस, तो निमूट राहतो. २७ जुलैपासून चाळीस दिवस मोजले की ५ सप्टेंबर येतो. त्या वर्षी गणपती बसले २ सप्टेंबरला. म्हणजे माणूस गौरीच्या जेवणाला पानावर बसतो, त्याला वासानेच मळमळतं, आणि शेजारचं कुणीतरी म्हणतं, ‘डोळे बघितलेस का आरशात?’ पुराची आठवण तोवर कुणालाच नसते.

हे डोळे पिवळे केले कुणी? ‘विषाणूने, त्याने लिव्हर खाल्लं’ हे उत्तर अगदी सरळ वाटतं, पण ते बरोबर नाही. हेपटायटिस ए आणि ई हे दोन्ही विषाणू यकृताच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतात, त्या बाहेर पाठवतात, पण पेशीला सहसा मारत नाहीत. कशाला मारतील? चालू छापखाना कोण जाळतं! शिवाय वेळेचं गणितही जुळत नाही. शौचावाटे विषाणू सर्वाधिक पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधी. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बलायन यांनी हे स्वतःच्या पोटावर बेतून दाखवलं. अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या शौचाचा अर्क ते चक्क प्यायले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार आजार उमटला ३६ व्या दिवशी, पण विषाणूचे कण २८ व्या दिवशीच दिसले होते. (विज्ञानासाठी माणूस काय काय पितो, याची यादी कधीतरी करायला हवी.)

मग मारतं कोण? पेशी स्वतःच मरते. कधी तिला तसा हुकूम मिळतो, तर कधी ती आपण होऊन ठरवते.

या मरणाचा शोध यकृतातच लागला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. विल्यम कौन्सिलमन या डॉक्टरांना १८९० मध्ये पीतज्वराने दगावलेल्यांच्या यकृतात आक्रसलेले, गुलाबी, गोल ठिपके दिसले होते. ते काय होते, हे तेव्हा उमगलं नाही. पुढे १९६० च्या दशकात जॉन केर या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उंदरांच्या यकृताचा रक्तपुरवठा अंशतः बांधून पाहिला. काही पेशी फुगून फुटत होत्या, ते अपेक्षितच होतं. पण काही पेशी आवाज न करता आकसत, त्यांचे आटोपशीर तुकडे होत आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये या मरणाला नाव दिलं अपॉप्टॉसिस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानगळ. कौन्सिलमन यांचे ते गुलाबी ठिपके म्हणजे गळलेली पानंच होती.

हे घडतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ऊर्जा देणारे. त्यांच्या आत सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन रोजच्या कामाला जुंपलेलं असतं. पण ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर सांडलं, की तेच मरणाचा इशारा ठरतं. हे १९९६ मध्ये श्याओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत कळलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. इशारा मिळताच कॅस्पेज नावाच्या कात्र्या एकामागून एक जाग्या होतात आणि पेशीचा सांगाडा, केंद्रकाचं अस्तर, डीएनएचं गाठोडं सगळं ठरल्या ठिकाणी कापत जातात. पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर येतो. ‘मला उचला’ असा तो निरोप. यकृतातल्या सफाई कामगार पेशी येतात आणि तुकडे गिळतात. पेशी फुटली नाही, म्हणून आतला माल सांडत नाही आणि विषाणूचा छापखानाही बंद पडतो.

हुकूम बाहेरून येतो तो टी पेशींकडून. पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेले विषाणूचे तुकडे त्या हुंगतात आणि ओळख पटली की दोन मार्गांनी काम साधतात. एक तर आवरणाला भोकं पाडून आत कात्र्या सोडायच्या, नाही तर पेशीच्या दारावरची फास नावाची घंटा दाबायची. यकृताच्या पेशींवर ही घंटा मुबलक असते. १९९३ मध्ये जपानमध्ये उंदरांना ही घंटा दाबणारं प्रतिपिंड टोचलं, तेव्हा विषाणूचा लवलेशही नसताना यकृत ढासळून ते काही तासांत मेले.

पण टी पेशी येईपर्यंत पेशी वाट बघत बसते का? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं उत्तर काढलं. मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणावर मॅव्ह्ज नावाचं प्रथिन असतं. विषाणूचा आरएनए दिसला की आरडाओरडा करणारा हा पहारेकरी. माणसात हेपटायटिस ए हा पहारेकरी कापून टाकतो. उंदरात त्याला ते जमत नाही, म्हणून साध्या उंदराला ही कावीळ होत नाही. संशोधकांनी या आरड्याओरड्यातून निघणारा इंटरफेरॉनचा निरोप ऐकू न येणारे उंदीर घेतले. त्यांना कावीळकारक विषाणू लागला, यकृताची पानगळही झाली, आणि ती टी पेशी हटवल्या तरी झालीच. मॅव्ह्जच काढून टाकलेल्या उंदरांत मात्र विषाणू भरपूर वाढला, पण यकृत शाबूत राहिलं! म्हणजे ओरडणारा आणि विषाची कुपी सांभाळणारा एकाच घरात राहतात, आणि ओरडणं कामी आलं नाही तर कुपी फोडली जाते.

थोडी पानं गळली तर झाडाला कळतही नाही. यकृत दीडेक किलोचं, पुन्हा वाढणारं. गळती फार झाली तर मात्र सफाईवाले कमी पडतात, पेशीतला माल रक्तात सांडतो, आणि एरवी चाळीसच्या आतबाहेर असणारं एसजीपीटी (त्या मालातलंच एक प्रथिन) रिपोर्टवर हजारात जातं. जुन्या लाल पेशींतून निघणारं बिलिरुबिन निपटायला हात उरत नाहीत. ते डोळ्यांत साचतं.

हेपटायटिस ईची ओळख पटवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हाचे, तसंच नंतरचे अहमदाबाद आणि पुण्यातले रक्ताचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खोरशेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांबरोबर तपासले. ही ना ए, ना बी, हे त्यांनी १९८० मध्ये जाहीर केलं. ‘ई’ हे अक्षर पुढे चिकटलं. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूने थैमान घातलं.

आपल्याकडे बदलापूर-अंबरनाथला उल्हासचं पाणी, उल्हासनगरला एमआयडीसीचं. ते ठराविक वेळ येतं आणि जातं. पाणी गेल्यावर नळाला हात लावून बघा, आत हवा ओढली जाते. गटाराशेजारून गेलेल्या पाइपाला भेग असेल तर हवेबरोबर आणखी काय ओढलं जाईल, हे सांगायला नको. शिवाय वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून जाते, ती काय काय घेऊन जाते हे लोकलच्या खिडकीतूनही कळतं.

डोळे पिवळे झाले की मग सुरू होतं कावीळ ‘उतरवणं’. उतरवणाऱ्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच लागलेला, त्यावर चुन्याचं पाणी, की बशीत पिवळाजर्द द्रव. लोक हात जोडतात. ए आणि ईची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, कारण विषाणू हटलेला असतो आणि यकृत नवी पालवी काढत असतं. श्रेय बशीला जातं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र ईची कावीळ घातक ठरते. शंभरात वीस-पंचवीस बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. तिथे बशीत घालवलेला एक दिवसही महाग पडतो.

पानगळ झालीच नाही तर? हेपटायटिस बीच्या बाबतीत हे घडतं. मोठ्या माणसाला लागण झाली तर त्याचं शरीर झुंजतं, काविळीसह किंवा काविळीविना, आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण विषाणू हुसकून लावतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला आईकडून लागण झाली तर त्याच्या टी पेशी विषाणूला परका मानतच नाहीत. घंटा कुणी दाबत नाही, डोळे पांढरेशुभ्र राहतात, आणि अशा शंभरातल्या नव्वद बाळांच्या यकृतात विषाणू मुक्कामाला राहतो, पुढे चाळिशी-पन्नाशीत सिरॉसिस नाहीतर कर्करोग घेऊन उगवण्यासाठी. म्हणूनच बाळंतपण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात होवो की गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये, चोवीस तास उलटायच्या आत नर्स येते आणि बाळाच्या मांडीत हेपटायटिस बीच्या लसीची पहिली सुई टोचते. बाळ टाहो फोडतं, आजी नर्सवर डाफरते.