संकटाबद्दल नव्हे, संकटात
(‘श्रद्धा आणि संसार’ : भाग ६)

गेल्या आठवड्यात उपवासकाळाच्या चाळीस दिवसांबद्दल लिहिलं. आज त्याला लागूनच येणारा प्रश्न. आमच्या थेरगाव-काळेवाडीत नगर, जालन्याकडून कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आजारातून माणूस उठला, पोराला कंपनीत कायम केलं, की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. पाळक येतात, शेजारीपाजारी येतात, कुणीतरी साक्ष देतं, मग चहा-पोहे. नोकरी लागली म्हणून आभार, हे कुणालाही कळतं. नोकरी गेल्यावरही आभार मानायचे, ते कशाचे?

बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात देव रुपं गाळणाऱ्यासारखा बसलेला दाखवलाय. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत राबलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. रस तयार झाला की वर मळी तरंगते, ती काढल्याशिवाय ओतता येत नाही. पण आच नुसती वितळवते. मळी आपोआप निघत नाही, ती काढणारा तिथं उभा लागतो. ख्रिस्ती शिकवणीचा गाभा हाच आहे. शुद्ध करते ती देवाची कृपा, दुःख नव्हे. नुसत्या दुःखानं माणसं कडूही होतात. प्रत्येक गल्लीत असं एखादं घर सापडेल.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण पाठोपाठ गेली. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. चौथ्या खांदेकरी रमाबाईच झाल्या. उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचं ओझं डोक्यावर घेतलं. पुढं भावाबरोबर पायी भटकताना झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची वेळ आली, तेव्हा दोघं वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत. यातून त्या वेळी श्रद्धा वाढली नाही. उलट व्रतं-तीर्थं सगळी करून हाती काही लागलं नाही, म्हणून होती तीही ढळली.

१८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोक समजतात, इथं गोष्ट पूर्ण झाली. रमाबाईंनी मात्र आपल्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवलंय की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. आपल्या पुण्याईचा, विद्वत्तेचा हिशेब देवापुढं मांडायचं सोडून रिकाम्या हातानं उभं राहणं त्यांना जमलं ते त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. तेव्हा त्यांची ‘शारदा सदन’ ही शाळा चालू होती, नाव झालं होतं, टीकाही भरपूर होत होती.

जुन्या दुःखाचं चीज झालं ते १८९६-९७ मध्ये. मध्य प्रांतात दुष्काळ पडला, उपाशी मुलींचे हाल कानावर आले आणि त्यांना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. हाताशी पैसा बेताचाच होता. तरी त्या गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला (नगरजवळचं नव्हे) मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवत. माझ्या मते रमाबाईंची खरी उपकारस्तुती ही. आपण वाचलो, तेव्हा दुसऱ्याला वाचवायचं देणं लागतो, असा तिचा अर्थ. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

पौलानं थेस्सलनीकाकरांना आभार मानायला सांगितलं ते सगळ्या स्थितीत. वाईट स्थितीबद्दल आभार माना, असं तो म्हणत नाही. हा भेद आपल्या प्रार्थनासभांत फार सहज पुसला जातो. जिचं मूल गेलंय तिला ‘देव पारखतोय, स्तुती कर’ म्हणणारे मी पाहिलेत. ईयोबाचे मित्र असंच बोलले आणि देवानं शेवटी त्यांनाच दोष दिला.

तेव्हा एवढीच विनंती : पुढच्या वेळी दवाखान्यात कुणाला भेटायला जाल, तेव्हा संकटाचा अर्थ सांगू नका. डबा न्या, रात्री थांबायला माणूस हवाय का विचारा. साक्ष द्यायची असेल तर ती त्याला देऊ द्या, त्याला वाटेल तेव्हा.