फार्गोचा ब्रेक

संपादकांनी पाठवले होते ते पवई-चांदिवलीच्या दगडखाणींवर लिहायला. खाणी आता उरलेल्या नाहीत. जिथे सुरुंग उडत तिथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, आणि लार्सन अँड टुब्रो, आयआयटी, हिरानंदानी या क्रमाने पवईचा इतिहास सांगितला जातो तेव्हा खडी फोडणाऱ्यांचा आणि ती वाहणाऱ्यांचा त्यात फारसा उल्लेख नसतो. पण त्या वाहणाऱ्या गाड्यांपैकी एक अजून आहे. चांदिवलीच्या बाजूला, एका जुन्या खडी-ठेकेदाराच्या कंपाउंडमध्ये, शेवग्याच्या झाडाखाली, नाकाडावर फार्गोची पाटी असलेला ट्रक. ठेकेदार गेले, धंदा बंद झाला, मुलांनी ट्रक भंगारात दिला नाही. इंजिनाचे काम त्यांनी करून घेतले आहे. थोरल्याने ते चालू करून दाखवले, धुराचा एक लोट सोडून ते नीट लयीत आले. गाडी मात्र त्याने इंचभर पुढे घेतली नाही. बाजूला उभे असलेले मिस्त्री म्हणाले, “चालू काय, कोणीही करंल ताई. थांबवणार कोण?”

खाणींचा लेख तिथेच मागे पडला.

या ट्रकचे जन्मगाव पवईपासून फार लांब नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो हे ट्रक मुळात भावंडेच, फरक मुख्यतः पाटीचा. 1954 मध्ये टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक बनवायला सुरुवात केली आणि बघता बघता देशाचे रस्ते त्यांचे झाले. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत, प्रीमियर रोड हे नाव शिल्लक आहे. पार्ट बनवणारा नाहीसा झाला की गाडी एकदम मरत नाही. आधी काच मिळेनाशी होते, मग पाटे, मग गिअरबॉक्सचे दात. यातल्या बहुतेक गोष्टींना आपल्या गॅरेजांमध्ये उत्तर असते: वेल्डिंग करा, दुसऱ्या गाडीचे बसवा, घासून घ्या. ब्रेकपाशी आले की चांगला मिस्त्री अशा उत्तरांना हात लावत नाही.

कारण साधे आहे आणि आकड्यांत मांडता येते. आठ टनांचा ट्रक ताशी 40 किलोमीटरवरून थांबवला की त्याच्या गतीची जवळजवळ सगळी ऊर्जा चाकाच्या ड्रममध्ये आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेवर दीड लिटर गार पाणी उकळेल. तोच ट्रक बोरघाटातून खोपोलीला उतरवायचा असेल तर सुमारे 500 मीटरची उंची पचवायची असते, आणि सगळे काम ब्रेकवर टाकले तर सव्वाशे लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता काही मिनिटांत चार ड्रममध्ये कोंबली जाते. लायनर तापून त्याची पकड सुटते, पेडल घट्ट लागते आणि गाडी तरीही पळत राहते. जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढले त्याच गिअरमध्ये उतरत, ते यासाठी.

मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, साकीनाक्याच्या एका गॅरेजात पोरवयात लागलेले. त्यांचे काम मी पाहत बसले ते मागच्या डाव्या चाकावर. नट सोडायला त्यांनी पोऱ्याला पुढे केले आणि लगेच पान्यावर हात ठेवला: “उलटा.” क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, फिरत्या चाकाने नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. हे माहीत नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो, नट सुटण्याऐवजी आवळत जातो, आणि शेवटी स्टडच तुटतो. मग तो स्टडही शोधत फिरायचे.

ड्रम निघाल्यावर आतली काळी धूळ त्यांनी हवेने उडवली नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली, फडके पिशवीत घालून बांधले. या सवयीला घाटकोपरचा इतिहास आहे. 1897 साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने घोडागाडीवाल्यांना उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावताना पाहिले आणि ब्रेकसाठी वेगळे अस्तर बनवण्याचा धंदा सुरू केला. त्याच धंद्याचा फेरोडो नावाचा कारखाना पुढे घाटकोपरला आला, आणि कित्येक गॅरेजांत लायनर म्हणजे फेरोडोच असे समीकरण झाले. उष्णता सोसणारे ते अस्तर बराच काळ अ‍ॅस्बेस्टॉसचे असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या 181 जणांपैकी 22 टक्के अ‍ॅस्बेस्टॉसिसने ग्रासलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे अ‍ॅस्बेस्टॉसच्याच खटल्यात 1995 मध्ये सांगितले होते. गॅरेजांतल्या पोरांची तपासणी करायला तर कोणी गेलेही नसेल. जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्यांनी जुन्या लायनरच्या प्रेमात पडू नये, हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. गोदामात सापडलेला, कागदात गुंडाळलेला, ‘ओरिजिनल’ लायनर हा खजिना नाही. मिस्त्री तो घेत नाहीत. ते अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला रोल घेतात, लायनर ज्या अर्धगोल शूवर बसतो त्याच्या मापाने कापतात, भोके पाडतात.

मग रिव्हेट ठोकायचे. इथे त्यांचा हात पाहण्यासारखा आहे. सुरुवात मधल्या रिव्हेटपासून, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, टोके सर्वांत शेवटी. टोकाकडून सुरू केले तर लायनर मध्ये फुगतो आणि त्याखाली पोकळी राहते, ती डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक रिव्हेटनंतर ते शूला हातोडीने हलकी टिचकी मारून आवाज ऐकतात. भरीव आवाज आला तर पुढे. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. मला तो वेगळा कळलाही नव्हता. त्यांनी काही न बोलता लागलेले सगळे रिव्हेट काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

खरे कौशल्य त्याच्याही पुढे आहे. वर्षानुवर्षे घासून ड्रमला चऱ्या पडतात, तो लेथवर टर्न करून गुळगुळीत केला की त्याचा व्यास वाढतो. शूची गोलाई मात्र जुन्याच व्यासाची राहते. लायनर मग मध्यभागीच टेकतो, कडा हवेत राहतात, आणि अख्ख्या पट्ट्याचे काम तीन बोटे रुंदीचा भाग करतो. मिस्त्री लायनरवर खडू चोळतात, शू ड्रममध्ये धरून फिरवतात, काढून पाहतात. जिथे खडू पुसला गेला तिथे टेकतेय, तेवढेच घासायचे. पुन्हा खडू. पुन्हा फिरवणे. जिथे फक्त मध्ये पुसले जायचे तिथे हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत पुसले जाऊ लागले. दुपार त्यातच गेली, आणि त्या एका शूचे काम संपले तेव्हा दुसरा तितक्याच सावकाश सुरू झाला. या कामाचा तासावर हिशोब लावला तर ते कोणालाच परवडणार नाही. आज बहुतेक ठिकाणी ते होत नाही, ते म्हणूनच.

सामानाच्या शोधाचा नेहमीचा रस्ता ठरलेला आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या पार्टची दुकाने, ऑपेरा हाउसच्या आसपासचे मोटार-सामानाचे व्यापारी, चोरबाजार, आणि तिथे नाही मिळाले तर दिल्लीच्या काश्मिरी गेटला किंवा कोलकात्याच्या मल्लिक बाजारात ओळखीचा माणूस. सगळीकडे एकच पहिला प्रश्न येतो: “टाटाचं चालेल का?” प्रश्न विचारणारा फसवत नसतो. त्याच्याकडे जे आहे ते बहुतेक टाटा आणि लेलँडचे आहे, आणि बऱ्याच वस्तूंना ते चालतेही.

व्हील सिलिंडरच्या बकेटला मात्र ते चालत नाही. बकेट म्हणजे पिस्टनपुढची वाटीसारखी रबरी सील, किमतीने क्षुल्लक. फार्गोच्या मागच्या सिलिंडरचे माप सव्वा इंच, म्हणजे 31.75 मिलिमीटर. दुकानात हाताला येते 32 ची. जोर लावला की ती आत जाते, पहिल्या दिवशी ब्रेकही लागतो. पण तिची कडा आत दुमडलेली राहते, पाय काढल्यावर पिस्टन पुरता मागे येत नाही, लायनर ड्रमला घासत राहतो, चाक तापते. कुर्ल्यातल्या एका दुकानदाराने ती काउंटरवर ठेवून म्हटले, “बसते की.” मिस्त्रींनी ती परत सरकवली: “बसते. चालत नाही.” शेवटी इंचाच्या मापाची जोडी ऑपेरा हाउसच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे मिळाली. तिच्या रबराला दाबल्यावर बारीक तडे दिसले. तीही नाकारली. जुने न वापरलेले रबर हे नवे रबर नसते, कपाटातही त्याचे वय होत राहते.

सिलिंडरचेही तसेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि मुंबईच्या चार पावसाळी महिन्यांत त्याला शोषायला पुष्कळ मिळते. उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये तो ओलावा हळूहळू लोखंड खातो. या ट्रकच्या तीन सिलिंडरना आत खड्डे पडले आहेत. नुसते आतून घासून, म्हणजे होन करून, ते जाणार नाहीत. बोअर वाढवून पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवायची आणि मूळ सव्वा इंचावर आणायची, हा योग्य मार्ग. असे काम अचूक करणारे लेथवाले आहेत, पण एका ट्रकच्या तीन सिलिंडरसाठी मशीन लावायला ते नाखूश असतात.

पेडलची ताकद वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर सध्या तरी धडधाकट आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, दाबून धरायचे, मग इंजिन चालू करायचे. निर्वात तयार होताच पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. ते जाते. आतला पडदा फाटला तर ट्रक थांबेल, पण ड्रायव्हरला पायाची सगळी शक्ती लावावी लागेल, आणि त्याचे किट बाजारात कुठेही दिसलेले नाही.

सगळे अडले आहे ते मागच्या उजव्या ड्रमपाशी. तो आधीच इतका टर्न झाला आहे की आणखी घेतला तर भिंत पातळ होईल, आणि पातळ ड्रम तापून तडकतो. दुसरा मिळत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून घेण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी आधी लाकडी पॅटर्न हवा, तोही थोडा मोठा, कारण करडे बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. सोळा इंची ड्रमला म्हणजे चार मिलिमीटरची वाढ धरावी लागते. पॅटर्नचा खर्च एका नगासाठी होवो की शंभरासाठी, तेवढाच. आणि ओतीव कामात आत हवेचा फुगा राहिला तर तो बाहेरून दिसत नाही. म्हणून तपासल्याशिवाय तो ड्रम बसवणार नाही असे मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवले आहे.

समजा हे सगळे झाले, तरी कागद उरतात. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली, नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरे दिली. पण ती दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू ट्रक तीत बसत नाही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून रॅलीत जाणाऱ्या मोटारीला या देशात वारसा म्हणून जागा मिळाली, आणि ज्या गाड्यांनी या उपनगरांची खडी वाहिली त्यांना फिटनेस नाहीतर भंगार एवढेच पर्याय राहिले, हे मला अन्यायाचे वाटते. नियमात मालवाहू वर्ग घालायला हवा, आणि तो घालताना ब्रेकची कडक चाचणी हीच पहिली अट हवी.

दसऱ्याला ट्रक कंपाउंडबाहेर काढून पूजा करायची, असे घरच्यांच्या मनात होते. मिस्त्रींनी त्याआधीच प्रोपेलर शाफ्ट उतरवून आपल्या गॅरेजात नेऊन ठेवला. थोरल्याने फोनवर जरा नाराजी दाखवली. ते म्हणाले, “दादा, झेंडू इथंच घाला. उजवा ड्रम आला की शाफ्ट मी स्वतः आणून लावतो.” पॅटर्नसाठी जुन्या ड्रमची मापे त्यांनी वहीत उतरवली आहेत, मिलिमीटर आणि इंच दोन्हींत, आणि वहीचे ते पान कोल्हापूरला निघणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर गेले आहे.